बांगड्या उतरवून करायचं काम

कॉम्प्युटर उघडण्याआधी हातातल्या बांगड्या उतरवायच्या, हा धडा मी हैदराबादच्या आबिड्समधल्या एका जुनाट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिकले. तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं आणि मी तिथं नोकरीला होते. दुकान म्हणजे दोन लांब टेबलं, सतत खोकणारा एक पंखा आणि भिंतीला ओळीनं टेकवलेले उघडेबोडके कॅबिनेट. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हूल तेव्हा उठलेली होती, आणि तरीही हैदराबादेत ज्याला त्याला कॉम्प्युटर हवाच होता. गल्लोगल्ली क्लासांच्या पाट्या लागल्या होत्या. पोरं वर्षभर काहीतरी शिकत आणि अमेरिकेला निघून जात. मागं राहिलेल्या आईबापांच्या घरातली यंत्रं बंद पडली की ती आमच्याकडे येत. मी परभणीकडची, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेली, वय सत्तावीस. दुकानात बाई म्हणून मी एकटीच होते.

मालकांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी आधी वीस-पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डिप्लोम्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

"आपा, पैले ये चूड्याँ उतारो. अंगूठी बी. गले में का बी."

मला राग आला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. गळ्यातलं काढायला सांगणारा हा माणूस कोण, म्हणून मी फणकाऱ्यानं काहीतरी बोलले. उस्तादांनी शांतपणे खणातून एक मदरबोर्ड काढला. त्यावर मधोमध काळा डाग होता. कोणाची तरी साखळी चालू यंत्रावर लोंबली होती म्हणे.

"मशीन कू नै मालूम तुम शादीशुदा है बोलके," ते म्हणाले.

मी मुकाट्यानं सगळं उतरवलं. मग त्यांनी एकेक गोष्ट शिकवली. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून उपसून काढायचा. प्लग काढला की पुढचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आतल्या कशालाही बोट लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात टेकवायचा, कारण आपल्या अंगातही वीज साठते आणि आपल्याला न कळता ती एखाद्या चिपचा जीव घेते. बोर्ड कडेनंच धरायचा. वीज पुरवणारा तो चौकोनी डबा मात्र कधीही उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरीही नाही. स्क्रू वाटीत ठेवायचे. कुठली तार कुठून काढली ते आधी कागदावर लिहायचं. सिंथेटिक साडी नेसून यायचं नाही.

मी दोन सुती साड्या घेतल्या. रोज सकाळी बांगड्या आणि मंगळसूत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि संध्याकाळी बसस्टॉपकडे निघण्याआधी पुन्हा घालायची. दिवसभर हात मोकळे असत. ते मला आवडायचं, आणि आवडतं म्हणून लाजही वाटायची.

घालण्यासारखं त्यात खरं तर काही उरलं नव्हतं. माझा नवरा दोन वर्षांपूर्वीच मला सोडून गेला होता. कामासाठी म्हणून सोलापूरला गेला, पत्रं कमी झाली, मग थांबली. शेवटी मी स्वतःच जाऊन थडकले. दार एका बाईनं उघडलं. तिच्या कडेवर मूल होतं. आतून हा खांद्यावर पंचा टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "तू कशाला आलीस?" एवढंच. मी आले तशी परत फिरले. माहेरी भावजयीच्या डोळ्यांत खुपायला लागले, तेव्हा हैदराबाद गाठलं.

इथं खोली शोधताना अंबरपेठेत एका मराठी घराची माडी रिकामी असल्याचं कळलं. घरात एकट्या काकू राहत. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. तीन पिढ्या हैदराबादेत काढलेलं घर, त्यामुळे काकूंच्या मराठीत निम्मी हैदराबादी मिसळलेली. त्यांनी मला दारातच उभं करून तीन प्रश्न विचारले.

"मराठीच ना?"

"हो."

"मच्छी-मटन?"

"नाही खात."

"मिस्टर कुठं असतात?"

"दुबईला," मी म्हणाले.

हे मी काही ठरवून बोलले नव्हते. आजूबाजूच्या घरांतून कोणी ना कोणी दुबईला गेलेलं होतं, तेच तोंडात आलं. काकूंचा चेहरा एकदम सैल पडला.

"मग ठीक. अकेल्या बाईला कमरा द्यायचा म्हणजे नुसती परेशानी. तुझं तसं नाही. आणि मला घरात सवाष्ण हवीच होती."

सवाष्ण का हवी होती ते पहिल्याच शुक्रवारी कळलं. दर शुक्रवारी एक सवाष्ण जेवू घालायची, असा त्यांच्या घरचा कुळाचार होता. सून अमेरिकेत. काकू स्वतः विधवा. त्यामुळे शेजारपाजारच्या बायकांची मनधरणी करण्यात त्यांचा निम्मा आठवडा जायचा. आता सवाष्ण माडीवरच राहायला आली होती. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी आमचं दुकान बंद असे, म्हणून मीही घरी. पाट मांडलेला, रांगोळी, केळीचं पान. काकू हळदीकुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "तूच लाव गं. माझ्या हातानं नको." मी माझं माझं कुंकू लावून घ्यायची आणि जेवायला बसायची.

खोटं बोलून मिळवलेलं ते जेवण माझ्या घशाखाली उतरायला नको होतं. पण उतरायचं, आणि छान उतरायचं. दुकानात मी दखनी बोलायची, बसमध्ये चार तेलुगू शब्दांवर भागवायची. मराठी फक्त शुक्रवारी. आठवडाभर मी खोलीत एकटी भात करून भांड्यातूनच खायची, आणि शुक्रवारी कोणीतरी समोर बसून मला वाढायचं, भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारायचं. गुरुवारी संध्याकाळपासूनच मला बरं वाटायला लागे. ते एक पान गेलं तर या शहरात मला कोणी उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जेवण झालं की कॉम्प्युटर. तो मुलगा जाताना आईसाठी ठेवून गेला होता. काकूंना तो चालवता येत नसे, आणि मुलगा मराठी लिहायचा ते इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे वाचताही येत नसे. मी टेलिफोनची तार जोडायची, यंत्र किरकिर करायचं, मग त्याचं पत्र यायचं. चार ओळी. काकू त्या मला तीनतीनदा वाचायला लावत. कधी नातीचा फोटो असे. तो वरून खाली असा पट्ट्यापट्ट्यानं उमटायचा, आधी केस, मग कपाळ, मग डोळे. हनुवटी येईपर्यंत काकू पदर तोंडाशी धरून उभ्या राहत.

असं एक वर्ष गेलं. दुसऱ्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी जेवून उठले, बटण दाबलं, तर पडदा काळाच. आतून नुसते तीन बीप.

"बिघडला?" काकूंनी घाबरून विचारलं.

"मेमरी नीट लागत नसेल. दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले. मला आनंदच झाला. वर्षभर या घरात नुसती बसून जेवले होते, आता काहीतरी परत करता येणार होतं.

वरून माझी पिशवी आणली. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, चिमटा, खोडरबर. प्लग काढला, बटण दाबून घेतलं, वर्तमानपत्र पसरून कॅबिनेट आडवा केला. मग सवयीनं बांगड्या उतरवायला लागले, तशी काकूंनी माझं मनगटच धरलं.

"अगं अगं, हे काय करतीस?"

"काढाव्या लागतात काकू. आत लागलं तर नुकसान होतं."

"आज शुक्रवार. तोही श्रावणातला. आत्ता कुंकू लावलंस, सवाष्ण म्हणून जेवलीस आणि आत्ताच भुंडे हात? नक्को. माझ्या घरात नक्को."

मी म्हणू शकले असते की उद्या दुकानात नेऊन करते. काकू तयारही झाल्या असत्या. पण तेव्हा मला वाटलं, की ज्या बाईला बांगड्या काढणं इतकं सोपं जातं, तिच्याकडे या जरा निरखून बघतील. उस्तादांचं सगळं शिकवणं मी गुंडाळून ठेवलं. बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वरून रबरबँड चढवला, मंगळसूत्र मागं पाठीवर टाकलं. लोखंडाला हात टेकवला आणि झाकण काढलं.

आत तांदूळ होते.

कुंकवात भिजवलेल्या लाल अक्षता. बोर्डावर विखुरलेल्या, एक पंख्याच्या पात्याला चिकटलेली, दोन तर मेमरीच्या खाचेजवळ वाळून घट्ट बसलेल्या. उंदरांच्या लेंड्या, झुरळं, एकदा तर पालीची अंडी, असं बरंच काही मी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं होतं. अक्षता पहिल्यांदाच पाहत होते.

"काकू, हे काय?"

काकू ओशाळल्या. "मागच्या शुक्रवारी तू दुकानाला गेलीस ना, तुला जादा काम होतं. सवाष्ण कशीबशी मिळाली, पण माझं मन लागेना. जिवतीची पूजा. मुलांना ओवाळायचं असतं. मुलगा परगावी असला तर चार दिशांना अक्षता टाकायच्या. मग वाटलं, त्याची चिठ्ठी तर ह्याच्यातूनच येते."

"म्हणून आत टाकल्या?"

"त्याला पोचायच्या तर आतच टाकायला नकोत?"

कॅबिनेटच्या पुढचं एक झाकण कधीतरी पडलेलं होतं. तिथल्या चार बोटांच्या फटीतून त्यांनी मुलाच्या डोक्यावर टाकाव्यात तशा, हळूच, अक्षता सोडल्या होत्या. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. निदान ओवाळायला त्यांना कोणी होतं.

ब्रशनं दाणे झाडले. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. पट्टी परत खाचेत बसवायला दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर द्यावा लागतो. मी तो दिला आणि त्याच जोरात रबरबँड तुटला. बांगड्या खळकन मनगटावर आल्या, एक कॅबिनेटच्या लोखंडी कडेवर आपटली आणि फुटली. हिरवे तुकडे आत पडले. माझ्या अंगठ्यालाही एक लागला.

"अगं बाई! वाढवलीस!" काकू ओरडल्या. बांगडी फुटली असं त्या म्हणूच शकत नव्हत्या. त्या लगबगीनं देवाकडे गेल्या, निरांजनाला हात जोडले आणि परत आल्या.

"शुक्रवारी, कुंकू ओलं असताना. मला काही बरं दिसत नाही. तू दुबईला फोन कर. आत्ताच्या आत्ता. परदेशात अकेला जीव तो." टेलिफोन कॉम्प्युटरशेजारीच होता. त्यांनी तार बदलून रिसीव्हर उचलला, दुसऱ्या हाताचं बोट नंबरांवर धरलं. "सांग नंबर."

मी आत बघत होते. बोर्डावर काच पडली होती. जे कधीच करायचं नाही ते मी केलं होतं, एका जेवणासाठी. मला स्वतःचीच इतकी चीड आली की खोटं बोलायला सुचेना.

"नंबर नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तो दुबईला नाही. सोलापूरला आहे. त्यानं दुसरी बाई ठेवलीय, त्यांना मूल आहे. तीन वर्षं झाली. तो मला नांदवत नाही काकू."

रिसीव्हरमधून डायलटोन येत होता. काकूंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मी उरलेल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. मंगळसूत्र डोक्यावरून काढलं आणि सगळं पिशवीत टाकलं. या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं नाही.

मग मी काम केलं, उस्तादांनी शिकवलं तसं. अंगठा पदराच्या काठानं बांधला. पुन्हा लोखंडाला हात टेकवला. चिमट्यानं काचेचा एकेक तुकडा उचलून वर्तमानपत्रावर ठेवला आणि तिथं सगळे जोडून बांगडीचा गोल पुरा करत गेले, म्हणजे आत काही राहिलं का ते कळतं. गोल पुरा होईना. नखाएवढी जागा रिकामी. कॅबिनेट उभा केला, आडवा केला, हळूच उलटा केला. शेवटचा तुकडा पंख्याखाली निघाला. गोल पुरा झाला तेव्हा मान वर केली, तर काकू खोलीत नव्हत्या. स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज येत होता.

मेमरी दाबली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक् टक् बसल्या. तारा कागदावर बघून लावल्या. झाकण, स्क्रू, प्लग. बटण दाबलं. एकच बीप आला आणि पडदा उजळला. एरवी या क्षणाला मला दरवेळी आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही.

मी हाक मारली. काकू आल्या, नेहमीपेक्षा लांब, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पत्र आलेलं होतं. मी वाचलं. मुलगी आता चालायला लागली, असं त्यात होतं. दुसऱ्यांदा वाच, असं काकू म्हणाल्या नाहीत. मी यंत्र बंद केलं आणि माडीवर गेले.

पुढचा आठवडा मला अजून आठवतो. जिन्यात गाठ पडली की काकू बाजूला होऊन वाट देत. खोली सोडायला सांगतील म्हणून मी रोज वाट पाहत होते, त्याही सांगत नव्हत्या. दुकानात बिस्किटांचा डबा रिकामा बघून उस्तादांनी विचारलं, डब्बा खाली कैकू? संध्याकाळी घालायला काही राहिलं नव्हतं. मी सांगितलं, अब नक्को उस्ताद. दुपारी त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. मला माणसाशी मराठीतून बोलायचं होतं, आणि ते कोणाशी बोलावं हेच कळत नव्हतं.

शुक्रवार आला. दुपारी मी माडीवरच होते. खालून पुरणाचा वास आला. पाट सरकवल्याचा आवाज आला. मग एका बाईचं हसणं ऐकू आलं, समोरच्या घरातली तेलुगू बाई. काकू तिला मोडक्यातोडक्या तेलुगूत आग्रह करत होत्या, ती नको नको म्हणत होती. मी खिडकी लावून घेतली तरी ऐकू येतच होतं. आणि मी रडले. सोलापूरच्या दारातून परतताना एसटीत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, इथं एका पाटापायी मी तोंडात पदर कोंबून रडत होते. लाज वाटत होती आणि थांबवता येत नव्हतं.

तासाभरानं ती बाई गेली. फाटक वाजलं. मग जिन्याखालून काकूंचा आवाज आला.

"खाली ये."

आता खोलीचं सांगणार, किंवा पत्र वाचायला हवं असणार. मी तोंड धुतलं आणि खाली गेले. पुढच्या खोलीत पाट उचललेला होता, पान नेलेलं होतं. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे स्टीलचं ताट होतं आणि शेजारी आणखी एक. दोन्ही वाढलेली.

"किती वेळ लावलीस? भूक लागलीय मला," त्या म्हणाल्या. "सवाष्ण जेवून गेली. आपण दोघींनी असंच मागून बसायचं."

पुरण तेच होतं, तूपही नेहमीइतकंच. करंडा त्यांनी पुढं केला नाही, मी मागितला नाही. सोलापुरात माझा नवरा धडधाकट होता, आणि अंबरपेठेतल्या त्या स्वयंपाकघरात मी विधवेच्या पंगतीला बसायचं असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. ताट ढकलून उठावं, असं माझ्या मनात आलं. पण त्यांच्या ताटातला भात गार होऊन वर घट्ट झाला होता. माझ्यासाठी कोणीतरी जेवायचं थांबलं होतं. असं याआधी कोण थांबलं होतं, ते मला काही केल्या आठवेना. मी बसले आणि जेवले.